गोणपाटाची कुळकथा



बेळगावच्या रविवार पेठेतून सकाळच्या प्रहरी जाणाऱ्यास एक दृश्य हटकून दिसते. दुकानाच्या फळीशी रिकाम्या पोत्यांची चळत रचलेली असते आणि तिच्यावर एखादा हमाल गाडीची वाट पाहत पाय पसरून बसलेला असतो. पोत्यातून आलेल्या गव्हाचा, साखरेचा, मिरचीचा भाव जो तो विचारतो. पोत्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. माझे एक मामा अशाच एका पेढीवर दिवाणजी होते. ते मात्र माल उतरला की प्रथम पोती मोजीत. सांडलेले दाणे झाडून घेता येतात, पण बारदान हरवले तर हिशेब जुळत नाही, असे ते म्हणत. त्या वयात मला यातला अर्थ कळत नसे. आज या बारदानाविषयीच चार गोष्टी आपणांस सांगावयाच्या आहेत.

वस्तू एक आणि नावे अनेक, असा याचा प्रकार आहे. देशावर आपण तरट किंवा गोणपाट म्हणतो. बडोद्याकडील मंडळी शेजारच्या गुजरातीच्या सहवासाने कंतान म्हणतात. इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद येथे कापड असेल तर टाट आणि शिवलेले असेल तर बोरा. कर्नाटकाच्या सीमेवर गोणी चीला हे कन्नड नाव कानावर पडते, तर गोव्यात नुसते गोणी म्हटले की भागते. व्यापारी ज्याला बारदान म्हणतात तो शब्द फारसी आहे. ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘दान’ म्हणजे ते ठेवण्याचे साधन, जसे कलमदान किंवा पानदान. या सर्व नावांत ‘गोण’ हे सर्वांत जुने, आणि त्याचा प्रवासही सर्वांत लांबचा.

पाणिनीने आपल्या व्याकरणात ‘गोणी’ या शब्दाची स्वतंत्र दखल घेतलेली आहे, आणि तेथे तिचा अर्थ धान्य वगैरे भरण्याचे साधन असाच आहे. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षे हा शब्द जवळजवळ त्याच रूपात आणि त्याच अर्थाने टिकून राहिला. इंग्रज व्यापारी या देशात आले, त्यांनी तो उचलून ‘गनी’ असा केला आणि ‘गनी बॅग’ जगभर नेली. मलाया आणि जावाकडे तो ‘गुनी’ व ‘गोनी’ या रूपांनी रुळला. सिंगापुरात दारोदार फिरून जुनेपाने विकत घेणाऱ्याला लोक ‘करांग गुनी’ म्हणतात. पोते हे त्याच्या धंद्याचे चिन्ह झाले आणि पोत्याचे नाव आपल्याकडून तिकडे गेले.

आता, ज्या गोणीचा पाणिनीने विचार केला ती कशाची होती? येथे एक घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. आज आपण गोणपाट म्हणजे तागाचे कापड असे सहज म्हणतो, आणि बंगालातील ज्यूटलाही तागच म्हणतो. परंतु मराठी मुलखात ‘ताग’ हा शब्द मुळात ज्या झाडास लावीत ते हे नव्हे. पिवळ्या फुलांचा, खुळखुळणाऱ्या शेंगांचा, हिरवळीच्या खतासाठी शेतकरी आजही पेरतो आणि फुलावर आला की नांगरून टाकतो, तो आपला ताग. कोणी त्याला बोरू म्हणतात. संस्कृतात त्याचे नाव शण. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याला सांगितलेल्या वस्त्रांत शाण म्हणजे शणाचे वस्त्र येते, आणि बौद्ध भिक्षूंना अनुज्ञात असलेल्या चीवरांच्या सहा प्रकारांतही ते आहे. दुसरे झाड अंबाडीचे. तिच्या पानांची भाजी आपण खातो आणि सालीचे दावे, कासरे, दोर वळतो. दख्खनमधील जुनी गोण बहुधा या दोन झाडांच्या वाखाची असे. ज्यूटचा तिच्याशी संबंध नव्हता.

ती गोण आजच्या पोत्यासारखी उभी ठेवण्याचीही नव्हती. ती बैलाच्या पाठीवर आडवी टाकावयाची, दोन्ही कुशींस सारखा भार लोंबेल अशी. रस्ते नव्हते, होते त्यांवर गाडी चालत नव्हती, तेव्हा कोकणातून घाटावर मीठ आणि घाटावरून खाली धान्य जाई ते या गोणींतून. वंजारी, लमाण यांचे हजारो बैलांचे तांडे साऱ्या दख्खनभर हिंडत, आणि सैन्यांचे पोट त्यांच्यावर चाले. १८०३ साली शिंदे-भोसल्यांविरुद्ध मोहीम करणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच चिंता या वंजाऱ्यांच्या बैलांची केलेली आढळते. गोण विणणारेही निरनिराळे होते. म्हैसूरकडे या धंद्यावरून ‘गोणिग’ अशी जातच ओळखली जाई; तेलुगू मुलखात तागाला ‘जनुमु’ म्हणतात, त्यावरून तेथील विणकरांस ‘जनप्पन’ हे नाव पडले; आणि मध्यप्रांतात लभाणांपैकी कित्येक कुटुंबे तागाचे सूत काढून टाटपट्ट्या विणीत. आगगाडी आली, तांडे मोडले, आणि बैलाच्या पाठीबरोबर ही गोणही गेली. मागे राहिले ते नाव. पुढे रेल्वेच्या डब्यांतून बंगालचे यंत्रावर विणलेले पोते आले आणि त्या नावाचा ताबा घेऊन बसले.

या बंगालच्या पोत्याची कथा निराळी आहे आणि ती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

ज्यूटचे झाड म्हणजे आठ-दहा फूट उंचीची, फांद्या जवळजवळ नसलेली सरळ काठी. त्याच्या दोन जाती कापडासाठी लावतात. एकीचा धागा पांढरट, दुसरीचा सोनेरी व अधिक मऊ. या दुसरीची कोवळी पाने बंगालात भाजी म्हणून खातात आणि इजिप्तमध्ये तिचाच ‘मुलुखिया’ नावाचा रस्सा हा तेथील लोकांचा आवडता पदार्थ आहे. आपल्या अंबाडीशी तिचे येथे चांगलेच जुळते. पीक चैत्र-वैशाखात पेरतात आणि सुमारे चार महिन्यांत कापतात. त्याला भरपूर ऊब, भरपूर दमट हवा आणि दरसाल नव्या गाळाची जमीन लागते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या मुखांशी निसर्गाने ही तिन्ही एकत्र आणून ठेवली आहेत, म्हणून त्या प्रदेशाचा या पिकावर एवढा अधिकार.

कापणीनंतरचे काम मात्र कोणाही माणसाची परीक्षा पाहणारे आहे. काठ्यांच्या पेंढ्या बांधून त्या संथ पाण्यात बुडवून ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत पाण्यातील सूक्ष्म जंतू सालीतील चिकट द्रव्य खाऊन टाकतात आणि धागा लाकडापासून सुटू लागतो. हे कुजणे नेमके साधावे लागते. एक-दोन दिवस कमी पडले तर साल सुटत नाही; अधिक झाले तर धाग्याचा जीवच जातो. मग शेतकरी भाद्रपदाच्या उन्हात, कंबरभर कुजक्या पाण्यात उभा राहून, एकेक मूठ काठ्या हाती घेऊन बुंध्याशी ठोकतो, मोडतो आणि पाण्यावर झटके देऊन लांबच्या लांब धागा ओढून काढतो. पाण्याला उग्र दुर्गंधी असते, जळवा असतात, त्वचेचे विकार होतात. उरलेल्या पांढऱ्या काड्यांचे कुंपण होते, सरपण होते. धागा बांबूंवर वाळत घातला म्हणजे दुरून केशसंभार सोडल्यासारखा दिसतो. ‘ज्यूट’ हे नाव ओरिया-बंगालीतील ‘झोट’ या शब्दावरून आले, आणि त्याचा संबंध विद्वान ‘जटा’ या संस्कृत शब्दाशी लावतात, तो हे दृश्य पाहिल्यावर सहज पटतो. बंगाली माणूस स्वतः मात्र या झाडाला ‘पाट’ म्हणतो. आपल्या ‘गोणपाटा’तील पाट आणि हा पाट, दोन्ही ‘पट्ट’ या एकाच संस्कृत शब्दाचे वंशज.

अकबराच्या काळी बंगालात हे कापड होत असे. आइन-इ-अकबरीत घोडाघाट प्रांतातील मालांत टाटाचा उल्लेख आहे. परंतु या हातधंद्याचे सर्वांत बोलके वर्णन १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील धाग्यांच्या वनस्पतींवरील फोर्ब्स रॉयल यांच्या ग्रंथात सापडते. त्यात हेन्ली नावाच्या गृहस्थाची माहिती दिली आहे. पूर्व बंगालच्या दाट वस्तीच्या जिल्ह्यांत हा धंदा घरोघर शिरलेला होता. नावाडी, शेतकरी, पालखीचे भोई, घरगडी, ज्याला म्हणून क्षणभर उसंत मिळे तो हाती चाती घेऊन गोणीचे सूत काढीत बसे. आणि या सुतावर सर्वांत अधिक अवलंबून होती ती हिंदू विधवा. जिला घरात मान नाही, जिच्या हाती पैसा नाही, तिला कोणाच्या ताटाखालचे मांजर न होता पोट भरण्याचा मार्ग या जाड्याभरड्या धाग्याने मोकळा ठेवला होता. ती कोणाला महाग वाटणार नाही अशा मजुरीवर सूत काढी, म्हणूनच बंगालची हातगोणी जगात इतकी स्वस्त पडे. अमेरिकेतील कापसाच्या गाठींनाही ती गुंडाळली जाई.

रॉयल यांचा ग्रंथ १८५५ चा. त्याच वर्षी कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीकाठी रिश्रा येथे वाफेवर चालणारी सूतगिरणी निघाली. ती निघाली कशी, हे समजण्यासाठी क्षणभर स्कॉटलंडला जावे लागेल.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर टे नदीच्या मुखाशी डंडी नावाचे गाव आहे. रशियाकडून अळशीचा वाख आणावा आणि त्याचे जाडे कापड विणावे, हा तेथील जुना धंदा. शिवपूरच्या वनस्पतीउद्यानाचे प्रमुख रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ज्यूटचा नमुना विलायतेस पाठविला होता. परंतु यंत्रावर तो टिकेना. धागा कोरडा, ठिसूळ. ताण बसला की तुटे. डंडी हे देवमाशांची शिकार करणाऱ्या गलबतांचेही बंदर होते. १८३० च्या दशकात कोणाच्या तरी ध्यानात आले की, देवमाशाचे तेल आणि पाणी यांचे मिश्रण शिंपून ज्यूट मुरत ठेवला तर तो मऊ पडतो आणि चात्यांवर चालतो. बंगालचा वाख आणि उत्तर समुद्रातील देवमासा यांची गाठ अशी डंडीच्या वखारीत पडली. १८३८ मध्ये डच सरकारने जावातील कॉफीसाठी लागणारी पोती ज्यूटची घेण्याचे ठरविले आणि धंद्याचा पाया घातला गेला. पुढे १८५४ साली ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले, रशियाचा वाख बंद झाला; १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, कापसाची टंचाई आली. दोन्ही वेळी डंडीचे भाग्य उजळले. कॅम्परडाउन नावाचा तेथील कारखाना या धंद्यात जगातील सर्वांत मोठा गणला जाई.

डंडीच्या गिरण्यांत कामाला बहुतांश स्त्रिया असत, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. मुले वयात आली, पूर्ण मजुरी मागू लागली की त्यांना काढून टाकीत. त्यामुळे कित्येक घरांत बायको गिरणीत आणि नवरा घरी असे. अशा नवऱ्यांना गावात थट्टेने ‘किटली उकळणारे’ म्हणत. गिरणीतील आवाज एवढा की या बायका बोटांच्या व ओठांच्या खुणांनी बोलावयास शिकल्या होत्या. पूर्व बंगालच्या विधवेच्या हातची चाती ज्या यंत्राने हिरावून घेतली, त्याच्या दुसऱ्या टोकाला असे बहिरे होत चाललेले कान होते, हे मला नमूद करावेसे वाटते. पुढे हा धंदा तेथेही राहिला नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डंडीची शेवटची ज्यूट-सूतगिरणी बंद पडली. एका जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे.

तर रिश्र्याची गिरणी. सिलोनात कॉफीच्या मळ्यांवर नशीब अजमावून आलेला जॉर्ज अ‍ॅकलंड नावाचा इंग्रज आणि बिश्वंभर सेन हे त्याचे बंगाली भागीदार, यांनी डंडीची यंत्रे आणून ती उभारली. माल जेथे पिकतो तेथेच तो विणला तर जहाजाचे एक भाडे वाचते, हा साधा हिशेब. चार वर्षांनी, १८५९ साली, बारानगरला यंत्रमाग आले. मग हुगळीच्या दोन्ही काठांनी गिरण्यांची रांगच लागली. मजूर बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा आणि आंध्र येथून आले. व्यवस्थापक व यंत्रज्ञ डंडीहून आले, आणि त्यांनी आपल्याच गावाचा धंदा हळूहळू मागे टाकला. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्ता डंडीच्या पुढे गेले होते. पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी वाळूच्या पोत्यांची अमर्याद मागणी आली, गिरण्यांनी पैशाच्या राशी केल्या. शेतकऱ्याच्या कच्च्या मालाचा भाव मात्र युद्ध सुरू होताच कोसळला होता. गोऱ्यांच्या या मक्त्यात त्या युद्धानंतर जे देशी भांडवलदार शिरले त्यांत बिर्लांबरोबर इंदूरचे सर सेठ हुकुमचंद होते. इंदूरकर श्रोत्यांना त्यांची कापडगिरणी ठाऊक असेलच; नैहाटीजवळ हुगळीकाठी त्यांच्या नावाची ज्यूटगिरणीही उभी राहिली.

पोत्याला एक विशिष्ट वास येतो, तो कशाचा असे मला लहानपणी नेहमी वाटे. तो झाडाचा नसून तेलाचा. देवमाशाचे तेल पुढे गेले आणि त्याच्या जागी खनिज तेल आले. ते शिंपून वाख मुरविल्याखेरीज आजही सूत निघत नाही. कॉफी, कोको यांसारख्या नाजूक मालाला हा वास लागू नये म्हणून अलीकडे त्यांच्या पोत्यांसाठी तांदळाच्या कोंड्याच्या तेलासारखे खाद्य तेल वापरतात. कापडाचे मुख्य प्रकार दोन. हलक्या, साध्या विणीच्या पातळ कापडाला बाजारात हेसियन म्हणतात. जर्मनीतील हेस प्रांतावरून हे नाव पडले. गाठी गुंडाळण्यास, लिनोलियमच्या व गालिचांच्या पाठीला ते लागे. दुसरे जाड, दुहेरी ताण्याचे आणि तिरकस विणीचे. त्याचीच धान्याची पोती होतात. पोते का चांगले, हे हमालाला विचारावे. आकडा मारून उचलले तरी धागे बाजूला सरतात आणि आकडा निघाला की पुन्हा मिळतात, छिद्र उरत नाही. थप्पी उंच रचली तरी पोत्यावरून पोते घसरत नाही. आतल्या धान्याला वारा लागतो. उणेही आहेत. ओल लागली की कुजते, पिठासारखा बारीक माल गळतो, आणि कापसाच्या गाठीला गुंडाळले तर त्याचे तुकडे रुईत मिसळून पुढे कापडावर रंग न धरणारे ठिपके उठतात.

आपल्या घरी पोते रिकामे झाले म्हणजे त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. पावसाळ्यात शेतकरी त्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर खोळ घेतो आणि दिवसभर चिखलणीत उभा राहतो. उन्हाळ्यात माठाभोवती ओले तरट असते. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात बांधून येते. नवी गच्ची ओतली की तिच्यावर ओली पोती अंथरतात, कारण सिमेंटला उन्हापासून जपावे लागते. तमाशाच्या कनाती, न्हाणीचे आडोसे, झोपडीचे दार, पूर आला की बांधाची भिंत, आणि अखेरीस उंबऱ्याशी पायपुसणे. येशूच्या देशात शोक किंवा पश्चात्ताप दाखविण्यासाठी बकऱ्याच्या केसांचे भरड वस्त्र अंगावर घेत. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘गोणताट’, ‘गोणपाट’ असे शब्द योजले. वस्तू निराळी असली तरी अंगाला टोचण्याचा गुण त्यांनी बरोबर पकडला.

परंतु ते वस्त्र स्वेच्छेने घेतलेले. १९४२ ते १९४५ या काळात जावावर जपान्यांचा अंमल होता, कापड मिळेनासे झाले, तेव्हा तेथील गोरगरिबांना गोणपाट नेसावे लागले. एके काळी डच सरकारची कॉफी ज्यात भरली जाई, तेच ‘गोनी’ त्यांच्या अंगावर आले. त्या पिढीतील माणसांच्या आठवणींत त्या टोचण्याचा आणि त्यात होणाऱ्या उवांचा उल्लेख येतो.

आणि आपल्याकडील एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शाळेत मुलांनी तरटाच्या पट्ट्यांवर ओळीने बसावे, हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा प्रकार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाविषयी इंग्रजीत जे टिपण लिहून ठेवले आहे, त्यात साताऱ्याच्या शाळेतील अशाच एका तरटाची हकीकत आहे. वर्गात त्यांना योग्यतेप्रमाणे इतर मुलांच्या ओळीत बसता येत नसे. एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे आणि बसण्यासाठी गोणपाटाचा स्वतंत्र तुकडा लागे. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावीत नसे. म्हणून तो संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि सकाळी परत आणावयाचा. इतरांची तरटे शाळेतच गुंडाळून ठेवलेली असत, आणि कापड दोन्ही ठिकाणी एकच होते.

१९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा या धंद्याचे जेवढे सरळ दोन तुकडे झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या धंद्याचे झाले असतील. शंभरावर गिरण्या होत्या त्या सर्व हुगळीकाठी, म्हणजे भारतात; आणि चांगल्या ज्यूटची सुमारे तीन-चतुर्थांश जमीन पूर्व पाकिस्तानात. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९४९ मध्ये, ब्रिटनपाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि पाकिस्तानने केले नाही. भाव कोणत्या रुपयात मोजावयाचा यावरून व्यापारच थांबला. तिकडे शेतकऱ्याचा माल पडून आणि इकडे माग थंड, अशी स्थिती झाली. मग भारताने पश्चिम बंगाल, बिहार, आसाम, ओरिसा येथे ज्यूटची लागवड वाढविली, आणि जेथे ज्यूटला पुरेसे पाणी नव्हते तेथे, विशेषतः आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, अंबाडीच्या जातीचा ‘मेस्ता’ लावला. तो पोत्याच्या जाड सुतात ज्यूटबरोबर मिसळतात. म्हणजे जी अंबाडी दख्खनच्या गोणीतून हद्दपार झाली होती ती अशा मागल्या दाराने पुन्हा पोत्यात आली!

पूर्व पाकिस्ताननेही गिरण्या काढल्या. नारायणगंजची आदमजी गिरणी १९५१ मध्ये सुरू झाली आणि पुढे ती जगातील सर्वांत मोठी ज्यूटगिरणी म्हणून ओळखली गेली. ज्यूट आमचा, परकीय चलन त्याचे, आणि खर्च मात्र पश्चिमेकडे, ही तेथील लोकांची तक्रार पुढे राजकारणात किती तीव्र झाली हे आपणांस ठाऊक आहे. १९७१ साली बांगला देश स्वतंत्र झाला; त्याच्या राजचिन्हात कुमुदाच्या वर ज्यूटची तीन पाने आहेत. एवढा मान दुसऱ्या कोणत्या राष्ट्राने पोत्याच्या झाडाला दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तरीही आदमजी गिरणी २००२ मध्ये बंद झाली आणि २०२० च्या जुलैत सरकारने आपल्या उरलेल्या २५ गिरण्या एकदम बंद केल्या.

कारण उघड आहे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकापासून पेट्रोलियमपासून होणारे कृत्रिम धागे आले. प्रथम गालिचांची पाठ गेली, नंतर खतांची पोती गेली, मग सिमेंटची. प्लास्टिकचे पोते हलके, स्वस्त, ओल न धरणारे. सिमेंटच्या बाबतीत तक्रार करण्यास फारशी जागा नाही. ज्यूटच्या पोत्यातून ते गळे आणि उचलणाऱ्याच्या नाकातोंडात जाई. भारतात १९८७ साली कायदा झाला आणि ठराविक माल ज्यूटच्या पोत्यांतच भरण्याची सक्ती आली. अलीकडच्या वर्षांत ही सक्ती धान्याला पूर्ण आणि साखरेच्या पाचव्या हिश्श्याला लागू आहे. सरकारची धान्यखरेदी हाच आता या धंद्याचा मुख्य आधार. याला कोणी लाड म्हणतात. कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दुसरे पीक दाखवून द्यावे आणि मग तो शब्द वापरावा, असे माझे मत आहे. शिवाय शेताच्या बांधावर टाकलेले ज्यूटचे पोते एक-दोन पावसाळ्यांत माती होते आणि प्लास्टिकचे होत नाही, हा फरक हिशेबाच्या वहीत कोठेच चढत नाही.

पोत्याचे मापही बदलले. पूर्वी तीन मणांचा पल्ला, नंतर शंभर किलोंचे पोते पाठीवर घेणारे हमाल आपण पाहिले आहेत. आता धान्याचे पोते पन्नास किलोंचे असते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा ही पोती वाहणाऱ्यांचे नाव प्रथम कोणत्या तरी नोंदवहीत चढले.

रविवार पेठेतील त्या चळतीकडे पुन्हा वळतो. ती पोती टाकाऊ नाहीत, हे मला फार उशिरा समजले. एकदा वापरलेल्या पोत्याचा वेगळा भाव असतो, दोनदा वापरलेल्याचा वेगळा, फाटक्याचा वेगळा. आमच्याकडे दुपारच्या वेळी एका बोळात चार-पाच बायका ओळीने बसत. दाभण आणि सुतळी घेऊन फाटकी पोती शिवीत. जेथे भोक मोठे तेथे दुसऱ्या पोत्याचे ठिगळ. मजुरी नगावर मिळे. तांदळाचे पोते असे शिवून बटाट्याला जाई, बटाट्याचे कोळशाला, आणि कोळशाने काळे पडलेले मात्र कोणी परत घेत नसे. शिवताना त्या उलटे करून झटकीत, तेव्हा शिवणींत अडकलेले मूठ-दोन मूठ दाणे खाली पडत. ते त्यांचे असत. मामांनी त्याचा हिशेब कधी मागितला नाही.